कातरीवरचं कुंकू

कातर उघडेना. हरणाबाईनं दोन्ही मुठी धरून ओढल्या, मग एक मूठ पायाखाली दाबून दुसरीला हिसका दिला, तरी पाती एकमेकींना सोडेनात. दातखीळ बसलेल्या माणसासारखी कातर तिच्या मांडीवर पडून राहिली. खरं तर तिला ती उघडायचीही नव्हती. श्रावणातली झड सकाळपासून लागली होती, फळीमागची मातीची भिंत ओल धरून फुगली होती, आणि केरसुणी फिरवताना फळी खचली नि गोणपाटाचं गाठोडं धप्पदिशी खाली आलं. पडलंच आहे तर बघावं म्हणून तिनं गाठ सोडली. आत कोयता, कुदळ, छाटणीची लहान करवत, आणि सगळ्यांच्या मधोमध मेंदीचं कुंपण कातरायची ही लांब कातर. दोन्ही पात्यांवर जिथं कुंकवाचा एकेक टिळा होता, नेमका तिथंच सगळ्यांत जास्त गंज चढला होता. टिळ्याखालून खपली उठली होती आणि कुंकू कुठं संपलं नि गंज कुठं लागला ते कळत नव्हतं. "आई भवानी," ती म्हणाली.

ते कुंकू तिच्या नवऱ्यानं, कोंडीरामनं लावलेलं होतं. गेल्या खंडेनवमीला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तो जो घराबाहेर पडला तो अजून आला नव्हता. गाव धाराशिव; सरकारी पाटीवर उस्मानाबाद लिहिलेलं होतं, पण बायकांच्या तोंडी धाराशिवच. कोंडीराम तिथं निजामाच्या तालुकदारसाहेबाच्या बंगल्यावर माळी होता. बाग सरकारची, पण कातर त्याची स्वतःची. बेंबळीच्या लोहारापाशी बसून त्यानं ती घडवून घेतली होती, शिसवी मुठी स्वतः तासून बसवल्या होत्या. लग्न होऊन आली तेव्हा हरणाबाईला वाटलं होतं, आपल्याला सवत आहे आणि ती लोखंडाची आहे. दिवस मावळता घरी आला की माणूस आधी हातपाय धुतो का नाही? हा आधी कातर धुणार. पात्याला चिकटलेला चीक नखानं खरवडणार, धोतराच्या सोग्यानं पुसणार, चुलीपुढं धरून ऊन करणार, मग करवंटीतली तेलाची चिंधी घेऊन पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत असा हात फिरवणार, की बघणाऱ्या बायकोनं तोंडच फिरवावं. "माझ्या डोक्याला कधी तेल लावलं न्हाय एवढ्या मायेनं," ती एकदा म्हणाली. तो हसला नाही, रागावलाही नाही. "तू गंजत न्हाईस," म्हणाला, आणि चिंधी पुन्हा करवंटीत ठेवली. पण तिनं मनातून त्याला मानलं होतं. ज्याला आपल्या हत्याराची एवढी कदर, तो माणूस वाईट नसतो, हे तिनं त्या संध्याकाळी पक्कं ठरवून टाकलं, आणि ते मत बदलायची पाळी तिच्यावर कधी आली नाही.

खंडेनवमीला मात्र तोच माणूस त्या लखलखीत पात्यावर ओलं कुंकू लावायचा. हत्यारं पाटावर मांडायची, हळद वाहायची, कुंकू पाण्यात कालवून करंगळीशेजारच्या बोटानं टिळा काढायचा, झेंडूचं फूल ठेवायचं. त्या दिवशी हत्याराला काम नाही. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन करून आपट्याचं सोनं घेऊन आला, की पहिलं काम म्हणजे चिंधी घेऊन सगळ्यांवरचं कुंकू पुसायचं आणि तेलाचा हात द्यायचा. त्याच्या हातानं पुसलं की त्यात काही वावगं वाटत नसे. गेल्या दसऱ्याला, तिकडं देशाला स्वातंत्र्य मिळून गेलेलं आणि इकडं निजामाचंच राज्य चाललेलं, तेव्हा त्यानं नेहमीसारखा रुमाल बांधला, म्हणाला, "सोनं घिऊन येतो," आणि वेशीबाहेर निघालेल्या माणसांच्या घोळक्यात मिसळला. माणसं आपटा तोडून माघारी आली. हा येडशीच्या अंगानं चालतच राहिला आणि निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडच्या, निजामाशी लढणाऱ्या लोकांत सामील झाला. हे तिला पुढं बाजारात ज्ञानोबानं, त्याच्या बरोबरीच्या माळ्यानं, भाजी निवडल्यासारखं करत हळूच सांगितलं. "हाय म्हणं तिकडं कॅम्पात. बंदूक शिकायलाय म्हणं." बंदूक! मेंदीच्या काडीला दुखेल म्हणून कातरीची धार जपणारा माणूस! तिला हसावं की रडावं कळेना, आणि ज्ञानोबासमोर दोन्हीही करता येईना. मग पौष गेला, शिमगा गेला, ज्ञानोबालाही बातमी मिळेनाशी झाली. हद्दीवर चकमकी होतात, माणसं मरतात, एवढंच कानावर यायचं. मेलेल्यांची नावं इथवर येत नसत.

ते कुंकू पुसणार कोण? तिनं हातात चिंधी घेतलीसुद्धा होती, दसरा होऊन गेल्यावर, आणि हात तिथंच थांबला होता. नवरा कुठं आहे ठाऊक नाही, आणि बायकोनं आपल्या हातानं कुंकू पुसायचं? शेजारपाजारच्या एकाही बाईनं ते केलं नसतं आणि तिला करू दिलं नसतं. शिवाय त्या टिळ्यात त्याचं बोट होतं. वाळलेल्या कुंकवात बारीक रेघा उमटल्या होत्या. उजेडाकडं धरलं की दिसायच्या. घरात त्याचं दुसरं काय राहिलं होतं? एक जुनी बंडी, ती धुऊन धुऊन त्याच्या अंगाच्या वासाला पारखी झालेली. म्हणून तिनं हत्यारं जशीच्या तशी गोणपाटात बांधून नेहमीच्या फळीवर ठेवली आणि तिथं देवच मांडला म्हणा ना. दर मंगळवारी, तुळजापूरच्या आईचा वार म्हणून, अंघोळ करून ओल्या हातानं फूल वाहायची, तांब्यातलं पाणी गाठोड्यावर शिंपडायची. त्याची कुदळ, त्याची कातर सुखरूप आहे तोवर तोही सुखरूप आहे, असा तिनं स्वतःशी करार केला होता. आणि आता हे. मांडीवरची कातर थंडगार होती आणि तिचा वास रक्तासारखा येत होता. तिचं लक्ष दाराशी टेकवलेल्या स्वतःच्या खुरप्याकडं गेलं. रोज लोकांच्या मळ्यात खुरपायला जायची ती. खुरप्याला ना कुंकू, ना फूल, ना तेल, आणि मातीनं घासून घासून ते चांदीसारखं पांढरं झालेलं. कामावर होतं ते नीट राहिलं, पुजलेलं गंजलं. हे तिला इतकं लख्ख दिसलं, की ती उठली, पदराखाली कातर झाकली आणि झडीतच शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली.

शेजारचं दार ताहेराबीचं. ताहेराबी शिकलगारांची; सुऱ्या-तलवारींना धार देणारी, तापल्या पात्यांना पाणी पाजणारी ही माणसं. तिचा नवरा मुनवर जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याची साण, चामड्याच्या पट्ट्यावर फिरणारी, अजून ओसरीवर फडक्याखाली झाकलेली होती आणि गल्लीतल्या बायका विळ्या घेऊन अजून तिच्याकडंच येत. गल्लीत त्या दिवसांत एकमेकांच्या घरी जाणं कमी झालं होतं. माणसं बोलता बोलता मागं वळून बघत. पण ह्या दोघींच्या मधली भिंत इतकी बुटकी होती, की तिच्यावरून कालवणाची वाटी गेल्यावाचून दिवस सरत नसे, आणि ती वाटी कुणी थांबवली नव्हती.

"खाला, आगीत घालून तापवली तर सुटंल का हो?" हरणाबाईनं विचारलं. ज्ञानोबाची बायको तसं म्हणाली होती कधीतरी.

"आगीत नक्को गे बेटी!" म्हातारी कडाडली. "आग में डाली तो पाणी उतर जाताय. मंग मऊ पडतंय पातं, लोणी कापायच्या कामाचं ऱ्हात न्हाय." तिनं कातर हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, अंगठा पात्यावर न टेकवता वरून फिरवला. मग तिला टिळे दिसले आणि तिनं अंगठा मागं घेतला. "कशात ठिवली होतीस?"

हरणाबाईनं सगळं सांगितलं. गोणपाट, ओली भिंत, मंगळवार, तांब्यातलं पाणी.

"या अल्ला. म्हंजी जंगाला तूच पाणी घातलंस गे, झाडाला घालावं तसं."

हरणाबाईला एकदम रडू कोसळलं. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती, ज्ञानोबानं सांगितलं तेव्हाही नाही, आणि आता लोखंडाच्या एका तुकड्यापायी ती ओसरीवर बसून हमसाहमशी रडत होती. कुंकू पुसलं आणि त्याला काही झालं तर? आणि नाही पुसलं तर गंज पात्याला भोक पडेपर्यंत खात जाईल, मग करार राहिला कुठं? ताहेराबीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "हे बघ. कुंकू वर हाय, जंग आत उतरतंय. तू वरचं जपत बसलीस आन आतलं खाऊन चाललं. पन म्या हात लावनार न्हाय त्याला. ते तुझं तूच काढ. पुढलं म्या सांगते."

"त्यास्नी काय झालं तर, खाला?"

म्हातारीनं फडक्याखालच्या साणेकडं बघितलं. "हमारे उनो का सामान कैसा चमकता था, तू देखी ना? कवा जंग धरू दिलं न्हाय म्या. गये ना उनो."

"मंग कशापायी करायचं?"

"आला तर कामाला लागंल म्हनून," ताहेराबी म्हणाली. तिच्या आवाजात कसलाही उपदेश नव्हता. पीठ मळून ठेव, जेवायला येतील, असं म्हणावं तशी म्हणाली.

हरणाबाई कातर घेऊन चुलीपुढं बसली. तिला वाटलं होतं, बोट पुढं होणारच नाही. झालं. नखानं टिळ्याच्या कडेला जरा उचकटलं आणि कुंकवाची खपली अख्खी हातात आली, खाली गंजाची तांबूस भुकटी घेऊन. त्यातल्या रेघा कुठं होत्या ते आता कितीही उजेडाकडं धरलं तरी सांगता आलं नसतं. ती खपली फेकायची कशी? तिनं ती तळहातावर चुरली आणि स्वतःच्या कपाळाला लावली. पुसलं नाही, जागा बदलली, असं तिनं मनाला सांगितलं. मनानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिला सासूची आठवण झाली. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून सासूनं ह्याला जन्मल्या जन्मल्या शेजारणीला देऊन टाकला होता आणि सूपभर कोंडा देऊन परत विकत घेतला होता. म्हणून तो कोंडीराम. सुपातल्या कोंड्यानं मरणाला चकवलं, मग आपण कपाळाच्या कुंकवानं का नाही चकवणार? दुसऱ्या टिळ्याला हात घालताना ती मोठ्यानं म्हणाली, "कोंड्यावारी घेतलेला हाय त्यो, फुकाचा न्हाय." कुणाला म्हणाली कोण जाणे.

मग मात्र तिचे हात चालू लागले आणि डोकं मागं राहिलं. चिंच कोळून गंजावर थापायची, पण फार वेळ ठेवायची नाही, नाहीतर आंबट चांगल्या लोखंडालाही खातं. ताहेराबी भिंतीपलीकडून ओरडत होती, "काढ गे, काढ आता!" विटकरीचा भुगा वस्त्रगाळ करून नारळाच्या शेंड्यांनी घासायचा, पात्याच्या लांबीनं, आडवा नाही. तांबडं पाणी निथळत होतं आणि त्याखालून करडा रंग उघडा पडत होता, मग त्याहून उजळ. सांध्यात एरंडेल सोडून ठेवायचं आणि वाट बघायची, घाई करायची नाही. तेलाला आपली वाट आपण शोधू द्यायची. तेलाचं हे काम तिनं रोज संध्याकाळी पाहिलं होतं आणि कधी बघितलं नव्हतं. आता कळत होतं, की तो हात असा का फिरवायचा, मुळाशी जरा का थांबायचा. पात्याच्या पाठीवर एक उथळ खळगी तिच्या अंगठ्याला लागली. तिथं त्याचा अंगठा वर्षानुवर्षं टेकत आला होता. लोखंडावर! कुंकवातल्या रेघा गेल्या, पण हे गेलं नव्हतं, आणि हे तिला घासल्यावाचून कधी सापडलं नसतं. केवढा माणूस तो, तिला वाटलं, आणि केवढी ही वस्तू. छाती भरून आली तिची. पातं राखेच्या कढत पाण्यानं धुतलं, आंबटाचा अंश ठेवला नाही, फडक्यानं कोरडं केलं, चुलीच्या धगीला धरलं आणि ऊन असतानाच करडीच्या तेलाचा हात दिला. कंट्रोलाचे दिवस, तेल कालवणालाही पुरत नव्हतं. त्या आठवड्यात तिनं बिनफोडणीचं वरण खाल्लं. मग मुठी धरल्या आणि ओढल्या. कातर कुरकुरली, अडली, आणि उघडली. मिटताना तिनं जो आवाज केला तो कोंडीरामच्या संध्याकाळचा आवाज होता. पात्यांवर टिळ्यांच्या जागी दोन बारीक खड्डे तेवढे राहिले. ते कशानंही जाणार नव्हते.

कोयता, कुदळ, करवतही तशीच घासून तिनं कातर नव्या कोरड्या फडक्यात बांधली, भिंतीपासून दूर, चुलीवरच्या आढ्याला टांगली आणि मगच घागर घेऊन बाहेर पडली. पाणी भरून आणताना झडीनं कपाळ धुऊन निघालं, हे तिला घागर उतरवताना ओघळलेला लाल थेंब हातावर पडला तेव्हा कळलं. ती घागर तशीच ठेवून आत धावली. आता काय? घाईघाईनं करंड्यातलं कुंकू लावलं, पण ते त्याच्या बोटाचं नव्हतं. त्या दिवसापासून कुणीही दाराशी आलं की ती आधी कपाळाला हात लावून बघायची. भादव्यात आभाळातून विमानं गेली, जळकोटाहून तिचा भाऊ आला आणि म्हणाला, हिंदुस्थानची फौज सोलापूरकडनं आमच्या गावावरून गेली, रणगाडे बघितले म्या, निजाम पडला. गल्लीतली निम्मी दारं ढोल वाजवायला उघडली आणि निम्मी आतून लागली. ताहेराबीचं लागलेलं होतं. वाटी भिंतीवर तशीच राहिली तेव्हा हरणाबाई ते दार बडवत राहिली, म्हातारीनं कडी काढेपर्यंत, आणि तिला हाताला धरून आपल्या घरात घेऊन आली. साण मागं राहिली म्हणून म्हातारी कासावीस झाली, तर हिनं ती भावाकडून उचलून आणवली. गल्लीतल्या एकीनं विचारलं, तुझा नवरा तिकडं लढतोय आणि तू हिला घरात घेतलीस? हरणाबाई म्हणाली, "व्हय. घेतली." एवढंच. बार्शीकडची माणसं एकेक करून परतू लागली होती. कुणाच्या दारी ओवाळणं, कुणाच्या दारी रडणं. ह्या दारी काहीच नाही. आढ्याची कातर ती दर मंगळवारी उतरवायची, उघडून मिटून बघायची, चिंधी फिरवायची. फूल वाहायची नाही. तो नाहीच आला तर ह्या कातरीचं काय करायचं, हा विचार यायचा, तेव्हा ती चिंधी आणखी एकदा फिरवायची.

तो नवरात्रात आला, घटाचं धान वीतभर वाढलेलं असताना. दारात दाढीवाला, हडकलेला माणूस उभा राहिला आणि तिनं विचारलं, "कोण पायजे?" नवऱ्याला! ताहेराबी आतून म्हणाली, "अगे पगली, उनोच है." तो ओसरीवर बसला, पाणी प्याला, बंदुकीचं काही बोलला नाही, तापाचं जरासं बोलला. सगळा वेळ त्याचे डोळे भिंतीवरच्या रिकाम्या फळीकडं होते. तिनं न विचारता आढ्याचं फडकं सोडलं आणि कातर त्याच्या हातात दिली. त्यानं मुठी धरल्या. दोन बोटांच्या जोरानं पाती उघडली. त्याचा चेहरा असा झाला, की तिला तिथून उठून जावंसं वाटलं. मग अंगठा पात्यावरून सरकला आणि खड्ड्यापाशी थांबला. दुसऱ्या पात्यावर गेला, तिथंही थांबला.

"हितं जंगानं खाल्लंय."

"कुंकू व्हतं तितं," ती म्हणाली. "तुमी लावलेलं. म्या पुसलं. श्रावणात."

श्रावणात तुम्हाला काही झालं होतं का, हे विचारायचं तिच्या जिभेवर आलं आणि तिनं गिळलं. आता जन्मभर विचारणार नव्हती. त्यानं कातर तोंडाजवळ नेली, तेलाचा वास घेतला, पातं उन्हाकडं धरून धारेच्या रेषेवरून नजर नेली. "तिकडं एकाच्या बागंत काम केलं म्या," तो म्हणाला. "त्याच्या कातरीनं हाताला ह्ये फोड. तवा वाटायचं, आपली तर आता मातीच झाली आसंल." मग मान खाली घालून म्हणाला, "तू लई केलंस हरणा." इतक्या वर्षांत त्यानं तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं, तेही ताहेराबीच्या देखत. म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

खंडेनवमीला पाट मांडला. ह्या वेळी पाटावर तिचं खुरपंही होतं, आणि भिंतीशी, वेगळ्या पाटावर, फडकं काढलेली साण. कोंडीरामनं कुंकू कालवलं, बोट बुडवलं आणि सवयीनं पात्याकडं नेलं. तिनं त्याचं मनगट धरलं. चारचौघांत बाईनं असं करू नये, पण तिनं धरलं, आणि ते बोट पात्यावरून बाजूला, शिसवी मुठीवर आणून टेकवलं. टिळा उमटला.

दुसऱ्या दिवशी तो रुमाल बांधून म्हणाला, "सोनं घिऊन येतो." तेच शब्द. ती उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि वेशीकडं निघालेल्या माणसांच्या घोळक्यात तो रुमाल दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली, मग दिसेनासा झाल्यावरही. ताहेराबीनं बस म्हणून सांगितलं, ती बसली नाही. माणसं परतू लागली. वाजंत्री परतली. ज्ञानोबा परतला. आणि मग तो आला, मुठीत आपट्याची पानं, पायांवर धूळ. त्यानं आधी ताहेराबीच्या पाया पडून तिला सोनं दिलं, मग हिला दिलं. मग रुमाल काढला, करवंटीतली चिंधी घेतली, कातर मांडीवर ओढली आणि दरवर्षीच्या सवयीनं मुठीवरचा टिळा पुसायला हात घातला. हरणाबाईनं त्याच्या हातातली चिंधी काढून घेतली.

"तितलं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लाकडाला जंग चढत न्हाय."